पिंगळीपर्यंत

परभणीहून सुटलेल्या पॅसेंजरमध्ये एक तरुण मुलगी माझ्यासमोर बसली होती. मांडीवरच्या पिशवीवर तिची बोटं एकसारखी नाचत होती.

"टायपिंग करतेस का?" मी विचारलं.

ती लाजली. "सरकारनं अन् एका कंपनीनं मिळून गावात कॉम्प्युटरचा वर्ग काढला होता, ताई. लय चांगलं शिकवायले होते. मग योजना संपली, मशिनी उचलून नेल्या. बोटं इसरू नयेत म्हणून असं करायलेय."

मी लॅपटॉप उघडून तिच्यापुढे धरला. कळांकडे न बघता ती भराभर लिहीत गेली. पिंगळी आली तसं तिनं सगळं पुसलं.

"अगं, पुसलंस कशाला?"

"तुमच्या मशिनीत माझं कशाला ठेवू, ताई?"

ती उतरून गेली. गाडी सुटली, तरी मला लॅपटॉप मिटवेना.