आईची मूठ

उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी आमच्या डोंबिवलीच्या घरात धणे भाजल्याचा वास असा भरतो की लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या माझे डोळे मिटायला लागतात. आई गोडा मसाला करून विकते. ऑर्डरप्रमाणे कुठला जिन्नस किती घ्यायचा ते काढून देणारा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधला छोटासा प्रोग्रॅम, मी लिहिलाय.

बाकी सगळं तिने ग्रॅममध्ये सांगितलं, दगडफुलाला मात्र 'किलोला दोन मुठी'. मी वैतागून तिची मूठ काट्यावर रिकामी करून घेतली, आकडा शीटमध्ये टाकला आणि मॅक्रोत त्या सेलचा, म्हणजे चौकटीचा, पत्ता लिहिला. पुढे बायकोने वर तमालपत्राची एक ओळ घातली. आकडे खाली सरकले, त्या पत्त्यावर खोबरं येऊन बसलं आणि मॅक्रो पोतंभर दगडफूल मागायला लागला. आई हसून हसून दमली. मग मी त्या सेललाच नाव दिलं, रोमन अक्षरांत, मधली जागा गाळून: AaichiMooth. आता ओळी कितीही घाला, मॅक्रो नावाने हाक मारतो आणि आकडा ओ देतो. कोड वाचता वाचता मध्येच आई भेटायची, ते मला फार आवडायचं.

यंदा आईची बोटं संधिवाताने आखडली, मूठच वळेना. भाजायला बायको बसली. मला वाटलं, मूठ फाइलमध्ये आहे, ती काही म्हातारी होणार नाही. कोणी हात लावू नये म्हणून मी तो सेल लॉकसुद्धा करून ठेवला.

पहिला मसाला विठ्ठलवाडीच्या डंकावरून कुटून आला. आईने चिमूटभर जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून बसली. ही धणे जास्त खरपूस भाजते, म्हणाली, दगडफूल कमी पडतंय. मला लॉक काढायला सांगितलं.

"तुझा आकडा मी पुसणार नाही," मी म्हटलं.

"नाव राहू दे रे. मूठ भाजणारीची लागते."

बायकोने मूठ काट्यावर सोडली. मी आकडा बदलला. मॅक्रोतला एक शब्दही बदलावा लागला नाही, याचंच मला वाईट वाटलं.

आई माझ्याकडे बघत होती.

"सासूबाईंच्या जागी माझी मूठ आली ना," ती म्हणाली, "तेव्हा तुझे बाबाही असंच तोंड करून बसलेले."