ग्रहणाच्या दुपारी दारात आलेली बाई

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या सुनेशी खोटं बोललो आणि घरचे मला पुण्यवान समजत असताना गप्प राहिलो. हे आज प्रथमच लिहीत आहे.

सुनेला, मीनलला, आठवा महिना होता. बाळाची वाढ फारच कमी होती. म्हणून डॉक्टरीणबाई दर आठवड्याला सोनोग्राफी करून नाळेतला रक्तप्रवाह पाहत, आणि घरी मीनल बाळाच्या हालचाली मोजत असे. एका तपासणीची तारीख नेमकी सूर्यग्रहणाच्या दिवशी आली. गर्भवतीनं ग्रहणात उंबरा ओलांडू नये, ही आमच्या घरची रीत. मुलगा परगावी होता आणि सुनेशी वाद घालण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. "दवाखान्यातून फोन आला होता, उद्या बोलावलंय," असं मी सांगून टाकलं.

दुपारी ग्रहण लागलं. खिडक्या लावून मी दत्तगुरूंचा जप करीत बसलो. फटीतून येणारा उजेड राखेसारखा झाला, चिमण्या एकाएकी गप्प झाल्या. तेवढ्यात कडी वाजली. दारात हिरव्या लुगड्यातली एक वयस्क बाई उभी होती. मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"पोरीला नेलं नाय का रं?"

"ग्रहण आहे, बाई. उद्या नेऊ."

"गिराण वर लागलंय. तू कशाला दार लावून बसलास? लेकरू कवाचं निपचित पडलंय आत."

मी तसाच आत गेलो. मीनल पोटावर हात ठेवून बसली होती. "सकाळपासून नीट हललंच नाही, बाबा. तुम्ही ग्रहणात घाबराल म्हणून बोलले नाही."

बाहेर आलो तर दारात कोणी नव्हतं. समोरच्या ओट्यावर शेजारचे रफिकभाई बसले होते. त्यांना विचारलं, "बाई किधर गयी?"

"कौनसी बाई? आप तो अकेलेच बातां कर रहे थे, साहब." मग माझा चेहरा पाहून ते उठले. "बहू को लाओ. रिक्षा निकालतूं."

त्या काळवंडलेल्या उजेडात वाटेतली रोजची गुलमंडी पेठही ओळखू येत नव्हती. तपासून डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "नाळेतून रक्त जेमतेम जातंय. आज आलात ते बरं झालं." तासाभरात शस्त्रक्रिया झाली. सव्वा किलोची नात कित्येक दिवस काचेच्या पेटीत होती. आता ती घरभर धावते.

बाबांच्या जपानं लेकरू वाचलं, असं सगळे म्हणत आणि मी मान खाली घालत असे. त्यांना तो विनय वाटे. ती बाई कोण, याचा शोध मी घेतला नाही. ज्यानं तिला धाडलं, त्याचे उपकार मात्र रोज आठवतात. मी भयाला भक्ती समजत होतो. शरण जायचं तर आधी हे खोटं खाली ठेवायला हवं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

गेल्या गुरुवारी आरतीनंतर मीनल पाहुण्यांना तीच हकीकत कौतुकानं सांगू लागली. मला ऐकवेना. सर्वांसमोर मी हात जोडले.

"मीनल, त्या दिवशी दवाखान्यातून फोन आलाच नव्हता. मी खोटं बोललो. लेकराच्या जिवावर माझ्यामुळंच बेतलं होतं. मला क्षमा कर, पोरी."