माणसांची विचारपूस शिकवणाऱ्या नसीम मॅडम

नसीम मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते बार्शीटाकळीच्या आमच्या शाळेत, पाचवीच्या वर्गाच्या दारातून. मला उशीर झाला होता. छडी बसणार म्हणून तळहात आधीच फ्रॉकला पुसून ठेवले होते. मॅडमनी फळ्यावरचा खडू थांबवला आणि म्हणाल्या, "या, आपण आत या." मी मागं वळून पाहिलं. माझ्यामागून कुणी मोठं माणूस आलं असावं, असं वाटलं. मागं रिकामा व्हरांडा होता आणि कडुनिंबाची पिवळी पानं हळूहळू उतरत होती. आज ती सकाळ अर्धवट झोपेत पाहिल्यासारखी आठवते.

आमच्या वऱ्हाडात बोलणं रोखठोक. 'आपण' हा शब्द पाहुण्यालाही सहसा मिळत नाही. मॅडम तो दहा वर्षांच्या पोरींना द्यायच्या. सुरुवातीला आम्ही हसलो. मग आपोआप जरा नीट बसू लागलो.

पण त्या मला खऱ्या अर्थानं कळल्या सहावीत, आणि त्याला कारण माझी एक वाईट वागणूक होती. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कौसल्याबाई डावा पाय ओढत चालायच्या. एके दुपारी रांगेत उभी असताना मी ताट हातात घेऊन तसाच पाय ओढत चालून दाखवलं. मुली हसल्या. समोर पाहिलं तर कौसल्याबाई माझ्याकडंच पाहत होत्या. त्यांनी सगळ्यांना वाढलं, मलाही वाढलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. यापुढे येणार नाही, असा निरोप आला.

मुख्याध्यापक मला वर्गापुढं उभं करून मारणार होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "सर, हे माझ्याकडं राहू द्या." शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन गावाबाहेरच्या वस्तीकडं निघाल्या. दोन्ही बाजूंना तूर फुलली होती, उन्हात सगळं पिवळं, संथ झालं होतं. पुढं मॅडमचा पदर हलत होता. ही वाट संपूच नये, असं मला वाटत होतं.

कौसल्याबाई दारातच बसल्या होत्या. वर्गात प्रमाण मराठी बोलणाऱ्या मॅडम तिथं त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "ताई, शाळेत तुमचा अपमान झाला. मी माफी मागाले आली."

"तुमी काहून माफी मागता? तुमी काय केलं?"

"पोरगी माह्या वर्गातली हाये. तिले शिकवणं माह्यं काम होतं."

मी रडू लागले. कौसल्याबाईंनी पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला. "नक्कल काहून केली पोरी? पायाले काय झालं, हे इचारलं असतं तं सांगितलं असतं."

पेला खाली ठेवून मी विचारलं, "काय झालं होतं?"

त्या सांगू लागल्या. माझ्याएवढ्या असताना कापूस भरलेल्या बैलबंडीवरून त्या घसरल्या आणि चाक पायावरून गेलं. "शाळा दूर होती. चालणं होये ना. मंग शाळा राह्यलीच."

परतताना मॅडम फक्त एवढंच बोलल्या, "आपण विचारलंत, हे बरं झालं."

पुढचे तीन दिवस कौसल्याबाई आल्या नाहीत. मी रोज फाटकात उभी राहायची. चौथ्या दिवशी त्या आल्या. माझ्या ताटात खिचडी वाढून म्हणाल्या, "मीठ बरोबर हाये का, सांग." मी भीत भीत म्हणाले, "जरा कमी आहे." त्या हसल्या.

त्यानंतर मॅडमनी शनिवारचा शेवटचा तास वेगळाच केला. प्रत्येकीनं गावातल्या एका माणसाशी बोलून यायचं आणि त्याच्याबद्दल वर्गात सांगायचं. शिंपी, टपालवाले, एसटी स्टँड झाडणाऱ्या मावशी अशी सगळी माणसं आमच्या वर्गात नावानिशी येऊ लागली. मग त्यांना रस्त्यात 'ए' म्हणून हाक मारणं आम्हालाच जमेना. भिंतीवर सुविचार लिहून जे झालं नसतं, ते असं झालं.

मॅडमचंही चुकायचं. एकदा फाटलेल्या नकाशावरून त्या भलत्याच मुलीला बोलल्या. खरं कळताच त्यांनी भर वर्गात तिच्यासमोर हात जोडले. ती मुलगी घाबरून उभी राहिली, तेव्हा म्हणाल्या, "बसा. चूक वर्गासमोर झाली, माफीही इथंच."

पुढं मी त्याच शाळेत शिक्षिका झाले. पहिल्याच वर्षी एका वर्गावर मी ओरडले. मधल्या सुट्टीत मॅडमनी माझ्यापुढं चहा ठेवला. "आवाज जरा खाली घेऊन पाहा. ऐकायला पोरं जवळ येतात." अमरावतीच्या दवाखान्यात माझे बाबा शेवटचे दिवस मोजत होते, तेव्हा त्या बार्शीटाकळीहून बसनं डबा घेऊन आल्या आणि दुपारभर बाबांच्या उशाशी बसून त्यांच्या लहानपणाबद्दल विचारत राहिल्या. आजारपणाचा विषय त्यांनी काढलाच नाही. त्या दुपारी बाबा खूप बोलले. त्यांच्या बालपणातल्या कितीतरी गोष्टी मला तेव्हाच कळल्या.

मॅडम आता साठ वर्षांच्या झाल्या आहेत. निवृत्तीनंतर अकोल्यात राहतात. मागच्या महिन्यात मी त्यांच्यासोबत सकाळी दूध आणायला गेले. डेअरी दहा मिनिटांवर आहे, आम्हाला तास लागला. वाटेत भेटणारा प्रत्येक जण थांबत होता आणि मॅडम प्रत्येकाला त्याच्या आईचं, परीक्षेचं, दुकानाचं विचारत होत्या. कोवळ्या उन्हात दूधही विसरायला झालं. नसीम मॅडम, आपले गुडघे, डोळे, आवाज सगळे आपल्याला साथ देवोत. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, आणि दरवर्षी डेअरीपर्यंत पोहोचायला आपल्याला आणखी थोडा उशीर होत राहो.