उंबरठ्याबाहेरचा पेला

दारूने बिघडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. दारूच बिघडू नये म्हणून जिवाचं रान करणारा माणूस मात्र एकच पाहिला, तो म्हणजे माझे चुलत सासरे, आमचे काकाजी. हिंदी मुलखातल्या रांझीच्या फॅक्टरीत त्यांची सारी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. समोर आलेला प्रत्येक नग उलटापालटा करून पाहायचा आणि खोट सापडली नाही तर जरा नाराज व्हायचं, ही सवय ते निवृत्त होताना घरी घेऊन आले. लग्नात मिठाई समोर आली की वरचा चांदीचा वर्ख ते नखाने खरवडून काढतात, कारण तो कातड्यात ठेवून कुटतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं आहे. केक तर त्यांना सबंध आयुष्यात निर्दोष सापडलेला नाही. एकदा माझ्याच घरी त्यांनी टूथपेस्टची नळी चष्मा लावून इतका वेळ वाचली, की बाहेर ताटकळून मी शेवटी मिठाने दात घासले.

असा हा कडकडीत शाकाहारी माणूस दर शनिवारी संध्याकाळी एक बाटली बिअर घ्यायचा. श्रावण, नवरात्र आणि शनिवारी आलेली चतुर्थी सोडून. "जव आहे हो, जमाईबाबू," ते मला समजावत. "यज्ञात चालतो, मग पेल्यात काहून नाही चालणार?" यज्ञात जव असाच फेसाळत घालतात का, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

पण या बिअरची खरी गंमत बाटलीत नव्हती, उंबरठ्यावर होती. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे काकींचं, माहेर दीक्षितपुऱ्यातलं, चातुर्मासात कांदा-लसूणही बाद करणारं. लग्नानंतर नवऱ्याचा हा शनिवार कळला तेव्हा त्या रडल्या नाहीत की माहेरी गेल्या नाहीत. त्यांनी दोन अटी घातल्या. ते पेय उंबरठ्याच्या आत येणार नाही आणि जीव मारून केलेलं काहीही या घरात तोंडाला लागणार नाही. काकाजींनी दोन्ही कबूल केल्या आणि पाळल्या. व्हरांड्यात खुर्ची टाकून ते बसत, स्टीलचा एक वेगळा पेला घेऊन. काकी उंबरठ्याच्या आत पाट घेऊन बसत. दाणे त्या स्वतः भाजत आणि वाटी हात लांब करून बाहेर सरकवत. नंतर तो पेलाही त्याच घासत, अंगणातल्या नळावर, चिंचेने, आणि व्हरांड्यातल्या कोनाड्यात पालथा घालत. एरवी ही जोडी दिवसभर "भाजी काय आणू" आणि "गॅस संपत आला" एवढंच बोलायची. शनिवारी मात्र पेल्यातला फेस बसून बिअर कोमट झाली तरी यांच्या गोष्टी चालूच. मुलीच्या लग्नापासून घराच्या रंगापर्यंत या घरातला एकूण एक निर्णय त्या उंबरठ्यावर झालेला आहे.

मग मुलीने घोटाळा केला. ती पुण्याला नोकरीला आहे आणि हल्ली तिने दूध-दहीसुद्धा सोडलं आहे. एका रविवारी फोनवर ती सहज म्हणाली, "बाबा, बिअर नितळ करायला काही ठिकाणी माशाच्या पोटातली पिशवी वापरतात. वाइनला अंड्याचा पांढरा बलक."

"काही ठिकाणी म्हणजे कोणत्या?" काकाजींनी विचारलं. ते तिला सांगता आलं नाही, आणि ज्या नगाची खात्री नाही तो पास करायची सवय काकाजींना नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन अधारतालच्या दारूच्या दुकानात गेले. बाटलीवर हिरवा ठिपका नाही, तांबडाही नाही.

"भैया, ये शाकाहारी है क्या?"

दुकानदाराने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "अंकल, दारू है. पनीर थोड़ी है."

बाटलीवरच्या नंबरावर फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली की आपकी शिकायत दर्ज कर ली गई है. "शिकायत नहीं बेटी, सवाल है," हे काकाजी तिला तीनदा सांगून दमले. मी सुचवलं, मोहाची घ्या, मोह म्हणजे फूल, त्यात मासा कुठून येणार? त्यांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "पुढचं शुद्ध होईल हो, जमाईबाबू. मागचं काय? सारी उमर तिनं तो पेला आपल्या हातानं घासला. तिच्या हाताला मी मासा लावला असंन तर?" मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

त्यांनी शनिवार सोडला. कारण काकींना सांगितलं नाही. सांगितलं तर त्यांना आपले हात विटाळल्यासारखे वाटतील, ही धास्ती. पक्कं कळलं की बसायचं, असं ठरवून ते कंपनीच्या उत्तराची वाट पाहू लागले. त्याच दिवसांत काकींची तब्येत ढासळली. मी भेटायला गेलो तेव्हा काकाजी औषधं आणायला गेले होते. काकींनी मला जवळ बोलावलं.

"हे शनिवारी काहून नाही बसून राहिले? माझ्या दुखण्यासाठी सोडली असंन तर त्यांना म्हणा, तसं नका करू. मला बोलायचं राहते न."

मी काकाजींना फाटकातच गाठलं आणि सांगितलं, मासा राहू द्या, नुसतं पाणी घेऊन बसा. "हो, हो, बसतो," ते म्हणाले. "एकदा उत्तर येऊ द्या. खोटा पेला घेऊन तिच्यापुढं कसा बसू?" या माणसावर मी आयुष्यात एकदाच चिडलो, तो त्या दिवशी.

उत्तर आलं. मुलीने तगादा लावून मिळवलं. ही बिअर एका प्रकारच्या बारीक मातीतून गाळतात, मासा नाही, अंडं नाही, कसलाच जीव नाही. पहिल्या दिवसापासून नव्हता. पण तोवर काकींना जाऊन महिना होत आला होता.

परवाच्या शनिवारी मी रांझीला गेलो. व्हरांड्यात खुर्ची होती आणि खुर्चीवर भरलेला पेला. माणूस नव्हता. काकाजी उंबरठ्याच्या आत पाटावर बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून. शेजारच्या वाटीत दाणे, अर्धे कच्चे, अर्धे करपलेले. मी म्हणालो, "आता तर खात्री झाली ना, काकाजी? घ्या की."

"घेईन," ते म्हणाले. पण उठले नाहीत. बाहेर बघतच म्हणाले, "तिला इथून मी कसा दिसत असंन, ते पाहून राहिलो."

मी व्हरांड्यातून आत आलो आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसलो. त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. बाहेर पेल्यातला फेस हळूहळू खाली बसत होता.