एक किलोच्या आतला लॅपटॉप

बायको गेल्यावर माझी सायकल भिंतीले टेकून राहिली. पाय चांगले होते, पण फिरलेलं सांगायचं कोणाले? आधी मी चार-चार दिवस सायकलवर जायचो. संध्याकाळी जिथं मुक्काम, तिथून तिले फोन लावायचो अन् सगळं सांगायचो. रोड कुठं खोदला, चहा कुठं पाण्यासारखा. ती मधात बोलायची नाही, ऐकायची.

मग ठरवलं. सांगायले माणूस नाही, तर लिहीन. लिहिता आलं तर जाईन, नाही तर सायकल भंगारात देईन. वही चालत नाही. चौथीपर्यंत शिकलो, माझं अक्षर मलेच लागत नाही.

पोरगा म्हणाला, "बाबा, फोन में बोल दो, वो खुद लिख लेगा." मी मराठीत बोलतो, तो इकडच्या हिंदी मुलखात वाढला, हिंदीत उत्तर देतो, आमच्या घरी असंच चालते. फोनले म्हटलं, "मले भूक लागली." त्यानं लिहिलं, "मलाई भूख लगी." पोरगा हसून हसून वाकला.

"हास," म्हटलं. "तुह्या फोनले तुह्या आईची भाषा येत नाही."

फोनवर बोटानं लिहावं तर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या भट्टीवर जाड झालेलं बोट एका वेळी तीन अक्षरं दाबते. म्हणून लॅपटॉप. पण लहान.

पोराले घेऊन शंकर नगरच्या लॅपटॉपच्या दुकानात गेलो. मी संगं सायकलच्या कॅरिअरची पिशवी नेली, अन् तुरीच्या डाळीचं एक किलोचं पाकीट.

काउंटरवरची पोरगी म्हणाली, "अंकल, ये किसलिए?"

"इससे भारी नहीं चाहिए."

एका हातात डाळ, एका हातात लॅपटॉप. पोरगा पंख्याकडे पाहून राहिला, जसा काही मले ओळखतच नाही. पहिला लॅपटॉप पिशवीत गेलाच नाही. दुसरा हलका, पण चार्जर विटेएवढा. पोरगी म्हणे, वजन चार्जर सोडून सांगतात.

"तो चार्जर क्या सिर पे रखके ले जाऊँ?"

तिसऱ्याची बटणं फोनच्याच जातीची, बारीक. चौथा डाळीच्या बरोबरीत बसला, अन् फोनच्या चार्जरवर चालत होता. उन्हात अक्षर दिसते का, म्हणून मी तो दाराबाहेर नेला, तर गार्ड मागं धावला. त्याले वाटलं, म्हातारा पळाला.

मग लिहून पाहिलं. समोर डाळ होती, तेच लिहिलं. पडद्यावर आलं, 'डाल'.

"ये वाला ल नहीं," मी म्हटलं.

"सेम ही तो है, अंकल."

"सेम नहीं है. डाल पेड़ की होती है. ये खाने की है."

ती हसली, पण सोडून नाही दिलं तिनं. शोधत राहिली. शेवटी सापडलं, दुसरं एक बटण दाबून धरलं की त्याच 'ल'चा 'ळ' होते. मी चार वेळा 'डाळ' लिहिलं अन् म्हटलं, बांधून दे.

बाहेर आल्यावर पोरानं विचारलं, "बाबा, जाना ज़रूरी है? घर में बैठके लिखो ना."

"घरात लिहायले काय आहे? तुही आई नाही, एवढंच. ते मले लिहून ठेवायची गरज नाही."

त्यानं पिशवीचा पट्टा ओढून पाहिला, पक्का आहे का.

त्याच आठवड्यात निघालो. धमतरीच्या धर्मशाळेत खाटेवर लॅपटॉप उघडला. 'अगं' लिहिलं अन् हात थांबला. मले माझाच राग आला. एवढं पायडल मारून इथं रडायले आलो का? मग लिहिलं, कुरूदच्या पुढं रोड खोदून ठेवला आहे, चेन दोनदा उतरली, एक कुत्रं उगाच अर्धा कोस मागं पळालं. पडदा भरला, तरी सांगायचं राहिलंच होतं. एकेक अक्षर शोधत लिहिलं.

उद्या कांकेर. त्याच्यापुढं केशकालचा घाट. सायकल चढली नाही तर ढकलत नेईन, पण नेईन.