दुसऱ्या नंबरची बातमी

सुरतेच्या पांडेसऱ्यात आमच्या खानदेशी माणसांपैकी कुणालाही विचारा, चौसष्ट सालची ती बातमी कारखान्यात कुणी आणली? माझंच नाव सांगतील. आशियाई करंडक फुटबॉलमध्ये आपला देश दुसरा आला — अख्ख्या आशियात दुसरा! — हे सगळ्यांना मी सांगितलं. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, छाती फुगवून. पण अर्धीच. उरलेली अर्धी बायकोलासुद्धा माहीत नाही.

तेव्हा मी सुरतेत एका शेठच्या कारखान्यात माग चालवायचो. शेजारच्या मागांवर दामू. दोघंही धुळ्याकडचे. रविवारी तापीच्या वाळूत अनवाणी फुटबॉल खेळायचो, आणि मला बॉल मारायला शिकवला तो दामूनंच. पण त्याचा खरा तोरा मागावर! त्याच्या कापडात डाग दाखवा म्हटलं तर मुकादम हात जोडायचा. दामूला त्याचा भारी अभिमान होता. का नसावा? आम्हालाही होता.

आमच्यात एक रीत होती. कुणाला बाहेर जायचं असलं की शेजारचा त्याचे माग सांभाळायचा. तेवढ्या वेळात काही बिघडलं, तर दोष सांभाळणाऱ्याचा. त्यावर कुणी हुज्जत घालायचं नाही. मीही दामूचे माग कितीदा सांभाळले होते — ते सोडा. ते सांगून काय उपयोग?

त्या संध्याकाळी पानवाल्याच्या रेडिओवर निकाल सांगणार होते. आठ दिवस आमच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी दामूला खूण केली. आमच्या खटखटाटात बोलणं कुठलं ऐकू येणार, सगळं हातानंच चालायचं. त्यानं मान हलवली. जा म्हणाला.

आता ऐका. माझ्या एका मागाचं सूत फार कच्चं होतं, आडवा धागा सारखा तुटायचा. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, त्यासाठी एक दांडा असतो. माग थांबलेला दिसला तर मुकादम विचारणार — हा कुठं गेला? म्हणून मी जाताना तो दांडा सुतळीनं बांधून टाकला. म्हणजे धागा तुटला तरी माग चालूच राहील. दामूला सांगितलं? नाही. सांगितलं असतं तर त्यानं मला जाऊच दिलं नसतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

बातमी ऐकली आणि मी पळत सुटलो. काय सांगू तुम्हाला! ज्यांची कधी तोंडं पाहिली नाहीत, ती अकरा पोरं मला सख्ख्या भावासारखी वाटत होती.

आत आलो तर माझा तोच माग बंद. आडवा धागा तुटूनही माग चालत राहिला होता, आणि तो धागा नेणारा धोटा उभ्या धाग्यांत अडकून सगळा ताणा फाटला होता. दामू डोक्याला हात लावून उभा. आणि पलीकडून मुकादम येत होता.

सुतळी तिथंच होती.

मी मागाला पाठ लावून उभा राहिलो आणि उजवा हात उंच केला. छातीवर हात — आपण. दोन बोटं — दुसरे. मग हात गोल फिरवला — सगळ्या आशियात! एकानं दुसऱ्याला खूण केली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. माणसं माग थांबवून नाचायला लागली. मुकादमानंसुद्धा टोपी उडवली. आणि दामू — त्या फाटलेल्या ताण्यापाशी उभा राहून तो हसत होता, डोळ्यांत पाणी आणून.

माझा डावा हात पाठीमागे होता. मी गाठ सोडली आणि सुतळी खिशात घातली.

कुणाला दिसलं नाही. सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते ना!

मग मुकादमानं दांडा हलवून पाहिला. दांडा ठीक चालत होता. म्हणजे दोष मागाचा नाही, सांभाळणाऱ्या दामूचा; त्याचीच नजर चुकली. शेठनं त्याच आठवड्यात दामूला काढलं. मला तेव्हा बोलता आलं नसतं? आलं असतं. त्याच्याइतका चांगला दोस्त मला नव्हता. पण सगळे मला खांद्यावर घेत होते, आणि मला ते गोड लागत होतं.

दामूला दुसरीकडे माग मिळाला असता. त्यानं मागितलाच नाही. पुन्हा मागाला हात लावला नाही. कापडाचे ताके हातगाडीवर वाहायला लागला.

पुढं बऱ्याच वर्षांनी, मी पांडेसऱ्यात मुकादम झाल्यावर, एकदा त्याच्या घरी जेवायला गेलो. वहिनी वाढत होत्या. ती बातमी आणणारा म्हणून मला दाखवत दामू त्यांना मोठ्या कौतुकानं आमच्या अहिराणीत म्हणाला, "हाऊच तो, आपला दुसरा नंबर उना ती खबर लई उनता!" मग माझ्याकडे वळला. "त्या दिन मन्ही नजर कशी चुकनी, भाऊ? मी तं समोरच व्हतो. आजूनबी समजत नही."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी भाकरी मोडली.

"होतं असं, दामू," मी म्हणालो. "माणसाची नजर चुकते कधी कधी."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं.