कोचकडे मागितलेली रजा

सुलेखा पेठेला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. तरीही २००५ च्या जानेवारीत अर्विंगमधल्या आपल्या ऑफिसच्या प्रिंटरवर तिने एका फुटबॉल टीमबद्दलची सहा पानं छापून घेतली, आणि कुणी बघायच्या आत पर्समध्ये कोंबली. टीम होती पश्चिम टेक्सासातल्या एका छोट्या कॉलेजची, घरापासून गाडीने पाच तासांवरची. तिचा एकुलता एक अनीश त्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होता आणि त्या टीमचा दोन नंबरचा किकर होता.

किकर म्हणजे काय, हे तिने मैत्रिणींना इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला ते पाठच झालं होतं. सगळे धिप्पाड गडी एकमेकांवर आदळून दमले, की शेवटी एक जण येतो आणि बॉल दोन उंच खांबांच्या मधून लाथेने मारतो. तो किकर. साडेपाच फूट उंचीच्या आणि पोळीला तूप लावलं तर तोंड वाकडं करणाऱ्या मुलाला त्या खेळात दुसरी कुठली जागा मिळणार होती?

मॅचेस सप्टेंबर ते नोव्हेंबर. मग जानेवारीत तिथल्या गावच्या पेपरात एक बातमीदार लिहितो की पुढच्या वर्षी टीमचं काय होईल. त्याने लिहिलं होतं की शेवटच्या वर्षाची एकोणीस मुलं जाणार, उरलेल्यांना अजून धड दाढी फुटलेली नाही, टीम अगदी कोवळी आहे, पण या पोरांनी उन्हाळा नीट काढला तर काही सांगता येत नाही. आणि सहाव्या पानावर तळाशी एक ओळ होती: ‘किकरची जागा रिकामी. पहिला हक्क पेठेचा.’

“लॅमिनेट कर आणि देवघरात ठेव,” गुरुनाथ म्हणाला. गुरुनाथ म्हणजे तिचा नवरा, नागपूरचा, चिडवायची एक संधी सोडायचा नाही.

“ठेवीनच! तुमचं नाव कधी छापून आलंय का कुठे?”

पण खरं सांगू? त्या पानांनी तिला जेवढा आनंद झाला तेवढीच आत कुठेतरी कळ उठली. ऑगस्टात अनीशला कॉलेजवर सोडून आल्यापासून घर तिला खायला उठत होतं. इंडियन स्टोअरमध्ये गेली की हात आपोआप श्रीखंडाच्या मोठ्या डब्याकडे जायचा. घरी आल्यावर आठवायचं की खाणारा इथे नाही, आणि मग गुरुनाथच्या मागे लागून तो डबा संपवावा लागायचा. फोन केला तर अनीश दोन मिनिटांत “ओके मॉम, गॉटा गो” म्हणायचा. तिला तो हवा होता, बस. सलग तीन आठवडे, डोळ्यांसमोर, आपल्या हातचं खाताना. एवढंच तिचं मागणं होतं आणि ते कुणाकडे मागायचं ते तिला कळत नव्हतं.

निमित्त अण्णांनी दिलं. अण्णा म्हणजे जगन्नाथराव, तिचे वडील, वाईच्या शाळेतले निवृत्त पीटी मास्तर. त्यांना एक्क्याऐंशीवं लागलं होतं. म्हणजे सहस्रचंद्रदर्शन करायला हवं, हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला लेकीसुनांनी, नातवंडांनी ओवाळायला हवं.

“डिसेंबरात करू,” अण्णा फोनवर म्हणाले. “हवा बरी असते. जुलैत इथे चिखल.”

“छे हो अण्णा, डिसेंबरात कशी सुट्टी मिळणार? जुलैतच करू.”

आता अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरात जाऊन विचारा. सुट्टी म्हणजे उन्हाळा आणि उन्हाळा म्हणजे इंडिया, हे मूल बालवाडीत गेल्यापासून ठरलेलं असतं. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला डिसेंबर मोकळा असतो आणि उन्हाळा नसतो, हे तिच्या डोक्यात यावं तरी कुठून? तिने तीन तिकिटं बुक करून टाकली आणि मग अनीशला फोन केला.

“मॉम, जुलैत समर वर्कआउट्स असतात.”

“कंपल्सरी आहेत का?”

“नो, व्हॉलंटरी. बट...”

“बट काय?”

मेला हा मुलांचा ‘बट’! पुढे कधी काही येतच नाही.

मग सुलेखाने काय करावं? लहानपणी तिला गालगुंड झाले तेव्हा तिच्या आईने हेडमास्तरांना चिठ्ठी पाठवली होती. भावाच्या मुंजीला पाठवली होती. मास्तरांना सांगून, रीतसर रजा मागून जावं, म्हणजे मूल तोंडावर पडत नाही. तिने लंच टाइममध्ये, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, थेट हेड कोचला फोन लावला. व्हिटेकर नावाचा साठीचा, जाड आवाजाचा माणूस होता तो.

“सर, मी अनीशची आई. त्याला तीन आठवड्यांची रजा हवी होती. आजोबांचं फंक्शन आहे. काही सर्टिफिकेट लागत असेल तर पाठवते.”

फोन कट झाला की काय असं वाटून ती “हॅलो, हॅलो” करायला लागली. मग तो सावकाश म्हणाला, “मॅम, उन्हाळ्यातला सराव व्हॉलंटरी असतो. मी कुणालाही थांबवू शकत नाही. फॅमिली कम्स फर्स्ट.”

किती भला माणूस, असं तिला वाटलं. संध्याकाळी तिने गुरुनाथला अगदी फुशारकीने सांगितलं. अनीशला मात्र या फोनबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण आईने शाळेत जाऊन बोललेलं पोरांना खपत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. त्याला ती फक्त म्हणाली, “एकदा तरी चल रे. माझ्यासाठी.”

“ओके,” तो म्हणाला. “येतो.”

ते तीन आठवडे! तिच्या आयुष्यात त्यांच्यासारखे दुसरे आले नाहीत. वाईच्या स्वयंपाकघरात अनीश पाटावर बसून थालीपीठ खायचा आणि “मोर?” विचारलं की नुसती मान हलवायचा. त्याने बॅगेत कपडे कमी आणि फुटबॉल तीन आणले होते, ते लांबुडके, टोकदार. रोज सकाळी तो शाळेच्या ग्राउंडवर जायचा. अण्णांनी जुन्या शिपायाला सांगून दोन बांबू पुरून घेतले. बॉल उभा धरायला कुणीतरी लागतं म्हटल्यावर अण्णा स्वतः एक बुटकं स्टूल घेऊन त्या चिखलात बसले, एक बोट बॉलच्या टोकावर ठेवून, गळ्यात शिट्टी.

“अण्णा, बोट जाईल!” सुलेखा कुंपणापासून ओरडायची.

“तू गप गं. पोराचा पाय सरळ येतो. मी चाळीस वर्षं पाय बघितलेत.”

समारंभाच्या दिवशी अनीशने अण्णांना ओवाळलं. ताट उलटं फिरवलं, सगळे हसले. सुलेखाला हसता हसता रडू फुटलं, कारण हे सगळं आता संपणार होतं आणि तिला ते संपायला नको होतं.

ऑगस्टात टीमची यादी लागली. किकरच्या पुढे पहिलं नाव होतं ते कुणा हॉलंड आडनावाच्या पोराचं. नुकता आलेला मुलगा, लबक गावचा. त्याच्याखाली पेठे. “तो चांगला आहे, मॉम,” अनीश फोनवर म्हणाला, आणि ‘गॉटा गो’ म्हणाला.

सप्टेंबरातल्या पहिल्या मॅचला सुलेखा आणि गुरुनाथ पाच तास गाडी चालवून गेले. अनीश मैदानाच्या कडेला एका जाळीत बॉल मारत होता. कुणी बघत नव्हतं. सुलेखाच्या शेजारी एक उंच, गोरी बाई बसली होती. तिचा मुलगा किकसाठी बॉल मागे फेकायचा.

“तुमचा मुलगा गुणी आहे,” ती म्हणाली. “जूनमध्ये रोज सकाळी सहाला तो माझ्या मुलाबरोबर सरावाला हजर असायचा. फेकणारा, धरणारा आणि मारणारा, तिघांचा मेळ बसायला सगळा उन्हाळा जातो. मग जुलैत तो दिसेना आणि त्याच्या जागी हा हॉलंड यायला लागला.”

“पण ते व्हॉलंटरी होतं ना? मला कोचनेच सांगितलं. मी त्यांना फोन केला होता.”

बाई हसायला लागली आणि सुलेखाचा चेहरा पाहून मध्येच थांबली. “अहो, कोचना तसंच म्हणावं लागतं. नियम आहे तो. यायलाच पाहिजे असं तोंडाने म्हणायची त्यांना बंदी असते. म्हणून तर सगळे येतात.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खाली हॉलंडने बॉल मारला, तो खांबांमधून गेला, सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि ती एकटी बसून राहिली. पोराच्या हातातोंडाशी आलेला घास आपण, त्याच्या आईने, रीतसर फोन करून काढून घेतला. परतीच्या पाच तासांत तिने गुरुनाथला सगळं सांगितलं आणि त्याने, चिडवायचं सोडाच, रेडिओसुद्धा लावला नाही.

त्यातून वाईचा फोन. दर रविवारी सकाळी, तिकडे दिवेलागणीला, अण्णा लाइनवर हजर.

“अनीश खेळला का?”

“हो अण्णा.”

“किती मारले?”

आता काय सांगणार? ज्या माणसाने चिखलात बसून बॉल धरला, त्याला काय सांगणार? “तीन,” ती म्हणाली. पुढच्या रविवारी दोन सांगितले. मग चार. हॉलंडने मारलेले आकडे ती वेबसाइटवर बघून ठेवायची आणि अनीशच्या नावावर सांगायची. एकदा तर तिने अण्णांना वाराही सांगितला, उलटा होता म्हणाली. अण्णा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले. त्या सीझनमध्ये प्रत्यक्षात अनीश एकदाही मैदानात उतरला नाही.

डिसेंबरात तो घरी आला. महिनाभर, अगदी मोकळा. हाच तो अण्णांचा डिसेंबर. तिने श्रीखंड आणलं, थालीपिठं केली, आणि त्याच्याकडे नीट बघणं तिला जमेना.

पहिल्याच रविवारी फोन वाजला आणि तिच्याआधी अनीशने उचलला. सुलेखाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. अण्णांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते ओरडून बोलायचे आणि सगळं स्वयंपाकघरापर्यंत यायचं.

“काय रे! वर्षभरात सतरा मारलेस म्हणे! एक तर उलट्या वाऱ्यात!”

अनीशने वळून आईकडे पाहिलं. मग त्याच्या त्या अडखळत्या मराठीत तो म्हणाला, “हो अण्णा. सतरा. एक चुकला.”

“एखादा चुकतो! पाय सरळ ठेव!”

त्याने फोन ठेवला. सुलेखा खाली बसली आणि पदर नव्हता म्हणून किचन टॉवेल डोळ्यांना लावला. “मी कोचला फोन केला होता,” ती म्हणाली. “मेमध्ये. रजा मागितली तुझी. मला माहीत नव्हतं रे. माझ्यामुळे गेली तुझी जागा.”

“आय नो, मॉम.”

“काय?”

“कोचने त्याच दिवशी बोलवलं मला. म्हणाला, तुझ्या आईला मी खरं सांगू शकत नाही, तू सांग.”

“मग सांगितलं का नाहीस? आलास कशाला?”

अनीश तिच्याशेजारी फरशीवर बसला. बराच वेळ त्याने टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं. “तू ‘माझ्यासाठी’ म्हणालीस. तू कधीच म्हणत नाहीस तसं. आय थॉट, या वेळी नाही म्हटलं तर पुन्हा कधी म्हणणार नाहीस.”

तिने त्याला जवळ घेतलं. रागवावं की रडावं हे न कळून तिने त्याच्या पाठीत एक धपाटाही घातला.

जानेवारीत त्या बातमीदाराने पुन्हा लिहिलं. टीम अजून कोवळीच आहे, पण आता अनुभव आलाय वगैरे. सुलेखाने पानं छापली आणि सरळ शेवटावर गेली. ‘किकर: हॉलंड, जागा पक्की.’ पेठे हे नाव सहा पानांत कुठेच नव्हतं. तिने ती पानंही जपून ठेवली, आधीच्या पानांच्या खाली.

एप्रिलमध्ये तिचा हात सवयीने तिकिटांच्या वेबसाइटवर गेला. तीन प्रवासी, जुलै, असं तिने भरलंसुद्धा. मग ते बंद केलं आणि अनीशला फोन लावला.

“या उन्हाळ्यात आम्हाला रजा नाही रे,” ती खोटंच म्हणाली. “तू तिकडेच राहा.”

“शुअर, मॉम?”

“हो रे. जा सहाला. उशीर करू नकोस.”

जून आला. घरात दोघंच. श्रीखंडाचा छोटा डबासुद्धा चार दिवस पुरायला लागला. पहाटे जाग आली की ती चहा घेऊन खिडकीशी बसायची आणि पश्चिमेकडे बघायची. तिकडे दिसत काहीच नव्हतं, हायवे तेवढा दिसायचा. इतकी ओढ लागायची की चहा तसाच गार व्हायचा.

एका सकाळी, बरोबर सहाला, फोन वाजला. वाईत तेव्हा दुपारचे साडेचार.

“आज रविवार नाही अण्णा.”

“माहितीये. शाळेच्या ग्राउंडवरून आत्ता आलो. ते दोन बांबू अजून तसेच उभे आहेत. काढू देत नाही मी कुणाला.” मग त्यांनी विचारलं, “पोरगा आत्ता कुठे असेल गं? मैदानावर?”

“हो अण्णा,” सुलेखा म्हणाली, “मैदानावर आहे,” आणि या वेळी ती खोटं बोलत नव्हती.